दोन साडू आणि एक ढिली दांडी

काही माणसांची अब्रू शिक्षणावर उभी असते, काहींची घराण्यावर, काहींची नुसत्याच मिशांवर. कॅप्टनची अब्रू त्यांच्या होडीच्या सुकाणूच्या दांडीवर उभी होती, आणि ती दांडी ढिली होती.

कॅप्टन हे अर्थातच कॅप्टन नव्हते. जन्मभर त्यांनी पाणीपुरवठा खात्यात नोकरी केली, तेव्हा पाण्याशी त्यांचा संबंध आला तो नळापुरता. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी शिडाची होडी घेतली, डोक्यावर पांढरी टोपी चढवली, आणि गल्लीतलं कुणीतरी थट्टेनं त्यांना कॅप्टन म्हणालं. थट्टेची पदवी माणूस सहसा नाकारतो. यांनी ती ठेवून घेतली आणि हळूहळू सगळ्यांना सवयच लागली. आता बायकोसुद्धा भाजीवाल्याला सांगताना 'कॅप्टनकडे पाठव' असंच सांगायची.

आता या दांडीचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. होडीच्या मागे पाण्यात एक फळी उभी असते, तिला सुकाणू म्हणतात. तिच्या डोक्यावर दोन लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांच्या मध्ये लाकडाची लांब दांडी, आणि तिन्हींतून आरपार गेलेला एक बोल्ट. दांडी डावीकडे लोटली की होडीनं उजवीकडे वळावं, अशी अपेक्षा असते. कॅप्टनच्या होडीत दांडी आधी आपल्यापुरती हलायची, जरा विचार करायची, आणि मनात आलं तर सुकाणूला कळवायची. बोल्टचं भोक झिजून झिजून लंबगोल झालं होतं, एवढंच कारण. सरकारी खात्यात जन्म काढलेल्या माणसाला अशा कारभाराचं नवल वाटायचं काहीच कारण नव्हतं, आणि कॅप्टनना ते वाटतही नव्हतं.

खाडीत दर वर्षी छोट्या होड्यांची शर्यत व्हायची. धक्क्यापासून निघायचं, लांबवर तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालायचा आणि परत यायचं. दर वर्षी ही शर्यत साडू जिंकायचे. साडू म्हणजे कॅप्टनच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, शर्टाची इस्त्री कधी मोडलेली नसे, आणि बोलणं असं गुळगुळीत की ऐकणाऱ्याचा पाय घसरावा. कॅप्टन दर वर्षी शेवटचे यायचे. पण बक्षीस घेताना साडू हातात कप धरून म्हणायचे, "आमच्या साडूंच्या दांडीत दोष आहे म्हणून हा कप माझ्याकडे. नाहीतर..." आणि ते 'नाहीतर' तसंच हवेत सोडून द्यायचे. टाळ्या व्हायच्या. कप साडूंकडे जायचा आणि 'नाहीतर' कॅप्टनकडे यायचं. दोघंही आपापला ऐवज घेऊन खुशीत घरी जायचे.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण कॅप्टनच्या घरी कुणी उच्चारत नसे. फाशी झालेल्या घरात दोरीचं नाव काढू नये, त्यातलाच प्रकार.

दांडीची दुरुस्ती होत नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. ती दर रविवारी होत होती. सकाळी कॅप्टन हत्यारांची पेटी घेऊन धक्क्यावर जायचे. मागोमाग निवृत्त हेडमास्तर यायचे, कारण त्यांना घरात कुणी बोलू देत नसे. शिडं शिवणारा शिंपी यायचा, त्याच्याकडे थर्मास असायचा. मग दांडी काढायची, तिच्याभोवती चिंध्या गुंडाळायच्या की रबर घालायचं यावर चर्चा करायची, चहा प्यायचा, चिंध्या गुंडाळायच्या आणि दांडी परत बसवायची. पुढच्या रविवारपर्यंत चिंध्या निघून आलेल्या असत आणि पुन्हा चर्चेला जागा झालेली असे. या सगळ्या रविवारांत होडी पाण्यावर एकदाही जात नसे. ढिल्या दांडीची होडी उगाच बाहेर कशाला काढायची, असा कॅप्टनचा बिनतोड सवाल होता. ती जायची वर्षातून एकदाच, शर्यतीच्या दिवशी, हरायला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना जावई आला.

लेकीचं लग्न नुकतंच झालेलं. शर्यतीच्या आठवड्यात सुट्टी काढून दोघं राहायला आली. जावई दातांचा डॉक्टर. माणूस लाख चांगला, सासूचं ऐकणारा, खाली मान घालून बोलणारा. पण त्याला एक खोड होती. हलणारी वस्तू त्याला बघवत नसे. पहिल्या दिवशी त्यानं न्हाणीघराचा गळका नळ बंद केला. दुसऱ्या दिवशी करकरणारं कपाट, डुगडुगणारं टेबल आणि सासूबाईंच्या चष्म्याची काडी. सासूबाई हरखून गेल्या. इतक्या वर्षांत या घरात पहिल्यांदाच एखादी गोष्ट सांगितल्या दिवशी झाली, असं त्यांनी कॅप्टनना ऐकू जाईल इतक्या आवाजात शेजारणीला सांगितलं. कॅप्टनही खूश होते. सरळ बसलेल्या टेबलावर जेवताना त्यांनी जावयाची तोंडभरून स्तुती केली आणि त्या भरात बोलून गेले की, आमची दांडी तेवढी कुणाच्या बापाला घट्ट करता येणार नाही.

माणसाची जीभ हाच त्याचा मोठा वैरी. जावयानं जेवतानाच मान वर केली आणि विचारलं, "कुठली दांडी, बाबा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई आपली छोटी पेटी घेऊन धक्क्यावर हजर. दांडी काढून त्यानं बोल्टच्या भोकात बॅटरी मारून पाहिलं, आत सळई फिरवली आणि "हं" म्हणाला. दवाखान्यात हे "हं" ऐकून माणूस जसे खुर्चीचे हात घट्ट धरतो तसा कॅप्टननी होडीचा काठ धरला. आतलं लाकूड किडलंय, जावई म्हणाला, चिंध्यांनी काही होणार नाही. कॅप्टननी लाकूड मुळात मऊ जातीचं असल्याचं सांगून पाहिलं. हवा दमट असते हे सांगितलं. अशा कामाला घाई करू नये, आधी विचार करावा, हेही सांगितलं. तोपर्यंत जावयानं कुजलेला भाग कोरून काढायला सुरुवात केली होती. भोक स्वच्छ केलं, वाळवलं, त्यात राळ आणि लाकडाचा भुसा कालवून ठासून भरला, घोटून गुळगुळीत केला आणि सांगितलं, "संध्याकाळपर्यंत यावर काही भार देऊ नका."

संध्याकाळी त्या दगडासारख्या झालेल्या भरावात त्यानं मधोमध नवीन भोक पाडलं. आत पितळेची नळी बसवली, नवीन बोल्ट घातला. नटही साधा नव्हता. त्याच्या आत प्लास्टिकचं कडं होतं, म्हणजे हादरे बसून तो सैल व्हायचा प्रश्नच नाही. एका बाजूनं लेकीनं बोल्टचं डोकं पान्यानं धरलं, दुसऱ्या बाजूनं जावयानं पाना फिरवला, आणि काम झालं. कॅप्टननी दांडीला हात लावून पाहिलं. ती हलली आणि त्याच क्षणी सुकाणूही हललं. मध्ये विचारबिचार काही नाही.

"आता बघा, बाबा," जावई लाजत म्हणाला, "या वेळी कप आपलाच."

कॅप्टन हसले. पण ते हसू त्यांना कुठून आणावं लागलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ या सज्जन पोरानं पान्यानं उघडली होती. आणि आत काय आहे हे कॅप्टनना मनातून फार पूर्वीपासून ठाऊक होतं. आपल्याला होडी चालवता येत नाही, ही भीती ते इतकी वर्षं चिंध्यांत गुंडाळून ठेवत आले होते. आता ती सगळ्या गावासमोर, धक्क्यावर, भर उजेडात सुटी होणार होती. रागवायचं तरी कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. हेडमास्तर दांडी हलवून गेले आणि हळहळत गेले, कारण त्यांचे रविवार गेले होते. शेजारणीनं कप ठेवायला कुठली जागा मोकळी केली ते विचारलं. कॅप्टननी मग दुसरे दोष शोधायला सुरुवात केली. शीड जुनं झालंय म्हणाले, तर लेकीनं शिंप्याकडून त्याच दिवशी ते नीट करून आणलं. तळ शेवाळलाय म्हणाले, तर जावयानं होडी उलटी करून घासली. शेवटी पाठीत उसण भरली असं त्यांनी बायकोला सांगितलं. बायको दर शर्यतीत पुढे बसून शिडाची दोरी धरायची, तेव्हा तिला सगळा हिशेब माहीत होता. ती म्हणाली, "पाठीत भरलीये ना? मग हातानं चालवा." आणि कणिक मळायला निघून गेली.

साडूही एकदा पाहून गेले. दांडीवर दोन बोटं ठेवून त्यांनी ती अलगद लोटली. सुकाणू लगेच वळलं. साडूंनी दुसऱ्या बाजूला लोटली. सुकाणू तिकडेही वळलं. "छान," ते म्हणाले. एरवी त्यांच्या तोंडून एका शब्दावर भागत नसे. मग दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून गेले, जाताना चहाही घेतला नाही.

शर्यतीच्या दिवशी उजाडता उजाडता कॅप्टन उठले आणि छत्री घेऊन निघाले.

"इतक्या सकाळी कुठे?" बायकोनं अंथरुणातूनच विचारलं.

"वारा बघून येतो."

"वारा खिडकीतूनही येतो," ती म्हणाली आणि कूस बदलली.

आकाशात ढगाचं नाव नव्हतं. छत्रीच्या घडीत पाना होता. नट अर्धा फेरा सैल करायचा, बस्स, एवढंच कॅप्टननी ठरवलं होतं. फार नाही, अगदी पूर्वीइतकाच. आपली जुनी दांडी आपल्याला परत मिळाली तर त्यात चोरी कसली, अशी मनाची समजूत घालत ते धक्क्यावर आले, आणि थबकले. त्यांच्या होडीत कुणीतरी वाकलं होतं. चेहरा दिसत नव्हता, पण पाठीवरच्या इस्त्रीच्या घडीवरून माणूस ओळखायला वेळ लागला नाही.

"साडू, काही हरवलं का?" कॅप्टननी विचारलं.

साडू असे दचकले की त्यांच्या हातातला पाना पाण्यात पडता पडता राहिला. आधी त्यांनी सांगितलं की ते सहज फिरायला निघाले होते. मग सांगितलं की जावयाचं काम बघावंसं वाटलं. मग म्हणाले की नात्यातला माणूस पाण्यावर जाणार म्हटल्यावर नट तपासून घेणं हे आपलं कर्तव्यच आहे. जो माणूस एकापाठोपाठ एक कारणं देतो त्याच्याजवळ खरं कारण नसतं, हे कॅप्टनना कुणी शिकवायला नको होतं. ते नुसते होडीत उतरले. उतरताना छत्री कलली आणि घडीतला पाना खणकन फळीवर पडला.

दोघांनी त्या पान्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. चोरावर मोर म्हणतात, पण इथे दोघांतला चोर कोण आणि मोर कोण हे ठरवणं अवघड होतं.

साडूच आधी सावरले. "फिरतच नाही हो," ते हळू आवाजात म्हणाले, जणू दोघं मिळूनच कामाला आले होते. "नट फिरवला की बोल्टही बरोबर फिरतो. पलीकडून कुणीतरी धरायला पाहिजे. धरता का? अर्धा फेरा पुरे."

दोन पाने, दोन माणसं आणि एक नट. इतकी सोय नशीब सहसा करून देत नाही. कॅप्टन वाकले, आपला पाना त्यांनी बोल्टच्या डोक्यावर चढवला आणि घट्ट धरला. साडूंनी दुसऱ्या बाजूनं जोर लावायला सुरुवात केली. आणि तेव्हा कॅप्टनच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण इथे का आलोय ते त्यांना माहीत होतं. पण हा माणूस कशाला आलाय?

"थांबा जरा," ते म्हणाले. "मी तर हरणारा माणूस. तुम्ही दर वर्षी जिंकता. तुम्हाला काय गरज पडली?"

साडूंनी पाना काढून घेतला आणि ते काठावर बसले. इस्त्रीच्या पँटला ओल लागतेय याचंही त्यांना भान राहिलं नाही. "या वेळी तुम्ही जिंकाल असं वाटलं," ते म्हणाले. "दर वर्षी मी 'नाहीतर' म्हणतो ना? म्हणता म्हणता मलाच ते खरं वाटायला लागलं."

कॅप्टनना काय वाटलं ते सरळच सांगतो. त्यांना आनंद झाला. आयुष्यात आजवर त्यांना कुणी घाबरलं नव्हतं. खात्यात शिपाई घाबरला नव्हता, घरात बायको तर नव्हतीच, दारातलं मांजरसुद्धा त्यांना पाहून जागचं हलत नसे. आणि इथे दर वर्षीचा विजेता, पहाट फुटायच्या आत, चोरासारखा पाना घेऊन आला होता, तो त्यांच्या भीतीनं. एवढा मोठा मान त्यांना निरोप समारंभातही मिळाला नव्हता. छाती अशी भरून आली की क्षणभर त्यांनाही वाटून गेलं, कुणी सांगावं, खरंच जिंकू आपण. त्यांनी बोल्टवरचा पाना काढला आणि छत्रीत ठेवला.

"घट्टच राहू दे, साडू," ते म्हणाले.

आता इथे एखादा दयाळू कथाकार कॅप्टनना जिंकवून टाकील. पण वारा आणि पाणी दयाळू नसतात. शर्यतीचा इशारा झाला, शिडं भरली, आणि कॅप्टननी दांडी लोटली. इतकी वर्षं ते ती जोरात लोटत आले होते, कारण निम्मा जोर झिजलेल्या भोकातच जिरायचा. या वेळी जोर सगळाच्या सगळा सुकाणूपर्यंत पोचला. होडी गर्रकन वळली, वाऱ्यासमोर तोंड करून उभी राहिली आणि शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं फडफडायला लागलं. घाबरून त्यांनी दांडी उलटी लोटली, तर होडी तिकडे तितकीच वळली. बाकीच्या होड्या बोयाकडे सरळ चालल्या होत्या. कॅप्टनची होडी घरचा पत्ता विसरलेल्या माणसासारखी या गल्लीतून त्या गल्लीत शिरत होती. पुढे दोरी धरून बसलेली बायको आधी "अहो, हळू" म्हणत होती, मग नुसती "अहो" म्हणायला लागली, आणि पुढे पुढे तर काहीच म्हणेना. वळसा घालताना त्यांनी बोयालाच धडक दिली. परत आले तोवर धक्क्यावरच्या लोकांचा चहा पिऊन झाला होता आणि बक्षिसाचं टेबलही मांडून झालं होतं. दर वर्षी ते शेवटचे यायचे, पण इतके शेवटचे कधीच आले नव्हते.

होडी लागली तेव्हा सगळे कॅप्टनच्या तोंडाकडे बघत होते. काय झालं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता ते का झालं, एवढं त्यांच्याकडून ऐकायचं होतं. जावई टॉवेल घेऊन पुढे आला आणि बिचारा तसाच उभा राहिला. त्याच्या बाजूला लेक होती.

हेडमास्तरांच्यानं राहवेना. "दांडीला काही झालं का?" त्यांनी मोठ्या आशेनं विचारलं.

कॅप्टन उत्तर देणार तेवढ्यात कप हातात घेऊन साडू आले. सकाळपासून त्यांच्या तोंडचं पळालेलं पाणी परत आलं होतं, आणि वाणीही. "मी सांगतो," ते म्हणाले. "जावयांनी फार घट्ट केली. पोरगं हुशार आहे, पण दात वेगळा आणि दांडी वेगळी. दांडीला जरा मोकळीक लागते. आमच्या साडूंचा यात काही दोष नाही. ती इतकी घट्ट झाली म्हणून, नाहीतर..."

आणि धक्क्यावर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. बरोबर आहे, असंच असणार. शिंपी म्हणाला, शिवणीतसुद्धा थोडी जागा सोडावी लागते. हेडमास्तरांनी निसर्गात कुठेच काही पूर्ण घट्ट नसतं हे ग्रहगोलांचा दाखला देऊन सिद्ध केलं. कुणीतरी म्हणालं की नवी पोरं उत्साहात करतात, अनुभव नसतो. जुन्या चिंध्या कुणी टाकून तर दिल्या नाहीत ना, याचीही चौकशी झाली. येत्या रविवारी सगळ्यांनी मिळून दांडी पुन्हा पहिल्यासारखी ढिली करायची, असं धक्क्यावर उभ्या उभ्या ठरूनही गेलं. जावयाचे कान लाल झाले. त्यानं टॉवेलाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

कॅप्टनना कळून चुकलं की त्यांचं 'नाहीतर' त्यांना परत मिळालंय. जुन्यापेक्षा भारी मिळालंय. पूर्वी दांडी ढिली होती म्हणून हरायचे, आता घट्ट आहे म्हणून हरतील, मधे कधी ती बरोबर असणारच नाही. हे जन्माला पुरलं असतं. फक्त मान हलवायची होती. आणि खोटं कशाला बोला, ती हलायला लागलीही होती. तेवढ्यात त्यांचं लेकीकडे लक्ष गेलं. ती रागावली नव्हती. बाबा काय बोलणार हे तिला आधीच माहीत होतं, आणि ते ऐकायची तयारी करून ती नवऱ्याच्या जरा जवळ सरकली होती. कॅप्टनना फार लाज वाटली.

"दांडी उत्तम आहे," ते म्हणाले. "मला होडी चालवता येत नाही."

लोक हसले. कॅप्टनचा नम्रपणा त्यांना आवडला. कॅप्टननी टोपी काढून हातात घेतली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही. हेडमास्तर खाडीकडे बघायला लागले. भर कार्यात एखाद्यानं वय खरं सांगून टाकावं, तशी सगळ्यांची पंचाईत झाली. सर्वात वाईट अवस्था साडूंची झाली. त्यांनी हातातला कप फिरवून फिरवून पाहिला, जणू तो पितळेचा आहे हे त्यांना आजच कळत होतं.

"मग मी इतकी वर्षं कुणाला हरवत होतो?" ते म्हणाले.

टाळ्या झाल्या, पण त्यात दम नव्हता, आणि मंडळी पांगली. जावयानं सासऱ्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. "बाबा, नवी कवळी बसवली की सुरुवातीला जेवता येत नाही," तो खाली मान घालून म्हणाला. "लोक म्हणतात कवळीच वाईट आहे. रोज जेवायचं, मग येतं."

"रोज?" कॅप्टननी विचारलं.

"निदान रविवारी तरी."

बायकोनं हे सगळं ऐकलं. घरी जाताना वाटेत ती एकच वाक्य बोलली. "मला वाटायचं, हे तुम्ही कधी बोलणारच नाही," आणि बऱ्याच वर्षांनी तिनं चालताना त्यांचा हात धरला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर सोडला, ते सोडा.

पुढच्या रविवारी सकाळी कॅप्टन धक्क्यावर आले तेव्हा हेडमास्तर आणि शिंपी आधीच येऊन बसले होते. थर्मास होता, चिंध्या होत्या, दांडी ढिली करायला दोन पानेही होते. कॅप्टननी त्यांना नमस्कार केला, बायकोला हात देऊन होडीत बसवलं आणि दोर सोडला. दुरुस्ती न करता होडी निघालेली पाहून हेडमास्तर उठूनच उभे राहिले. थोडा वेळ त्यांनी काठावरून सूचना केल्या. डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, एवढी घेऊ नका. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. कॅप्टनची होडी आजही वेडीवाकडीच चालली होती. पण आज तिला कुठे पोचायचं नव्हतं, आणि जरा हलक्या हातानं लोटलं तर ती जरा कमी वळते, एवढं कॅप्टनना कळलं होतं. तेवढ्यावरही ते बेहद्द खूश होते.

इतक्यात साडू धक्क्यावर आले. रविवारी साडू आजवर कधी आले नव्हते. ते घाईघाईनं स्वतःच्या होडीत उतरले, पण शीड काही त्यांनी उभारलं नाही. बराच वेळ ते कॅप्टनच्या होडीकडे बघत बसले. ती एकदा, थोडाच वेळ का होईना, चांगली सरळ रेषेत गेली. साडूंचा हात आपल्या दांडीवर गेला. त्यांनी ती इकडे लोटली, तिकडे लोटली. मग मान वळवून त्यांनी हेडमास्तरांना हाक मारली. पाण्यावरून आवाज लांब जातो, तेव्हा कॅप्टनना शब्द न् शब्द ऐकू आला.

"अहो, जरा बघता का? मला ही थोडी ढिली वाटतेय."

हेडमास्तरांचा चेहरा उजळला. शिंप्यानं थर्मास उचलला, चिंध्या काखेत मारल्या, आणि दोघं साडूंच्या होडीत चढले. कॅप्टनच्या अगदी ओठांवर आलं होतं की ओरडून सांगावं, साडू, नका, त्या दोघांना होडीत घेऊ नका. पण बायको म्हणाली, "समोर बघा," आणि ते समोर बघायला लागले.